चांदणीचं वय

प्रांजल मिरजेहून माण तालुक्यात आली ती गाडी नुसती हाणतच. सगळं संशोधन तिचं म्हातारपणावर, आणि धनगर आप्पासोंच्या कळपातली चांदणी मेंढी म्हणजे तिला लय मोठं घबाड घावलेलं. मेंढीचं वय एकोणीस, पण गेली दोन वर्षं रक्त तपासावं तर ते आठ-नऊच वर्षांचं दाखवायचं, वय उलटं फिरल्यागत. आता खात्रीसाठी तेवढं शेवटचं रक्त काढायचं राहिलं होतं.

“आप्पा, घट्ट धरा हिला. उद्या साहेबांपुढं मांडायचंय. हे खोटं निघालं तर नोकरीच गेली माझी.”

आप्पासोंनी धरलेली मेंढी सोडूनच दिली.

“म्याडम, ही ती चांदणी न्हवं. ती दोन वरसामागं गेली. ही तिची लेक. कपाळावर तसाच ठिपका, म्हणून नाव बी तेच ठेवलं.”

प्रांजलनं सुई खाली ठेवली. “आप्पा, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगणारच हुतो. पण त्या वक्ताला, दोन वरसामागं, तुमी गाडीतनं उतरलासा, हिच्या गळ्यात पडलासा अन् म्हणलासा, ‘आई गेली गं माझी, तू तरी आहेस.’”