मेणावरची गाडी

"दार लाव, बाळ्या," सासूबाई म्हणाल्या. "काचही वर घे. आत बसल्यावर कसं वाटतं ते बघू दे तरी."

शोरूमच्या चकचकीत फरशीवर उभ्या असलेल्या नव्याकोऱ्या गाडीत तिघं बसली होती. स्टिअरिंग धरून बाळ्या, शेजारी त्याची आई, मागे त्याची बायको, म्हणजे सासूबाईंची सून. बाळ्या म्हणजे कानाशी केस पिकलेला, दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवणारा माणूस. पण आईच्या तोंडून त्याचं दुसरं नाव कधी निघालंच नाही.

बायकोचा घसा बसला होता. आठवडाभर ती एकच गोष्ट सांगत होती. घरची गाडी जुनी असली तरी धावतेय. स्वतःचं कवळ्यांचं काम सुरू करायला बाजूला टाकलेले पैसे डाऊन पेमेंटमध्ये गेले, की बघून ठेवलेला गाळा गेला, दात भाजायची भट्टी गेली, आणि पुढची सगळी वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात मान मोडून हप्ते फेडायचे. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्यात आज सकाळी सासूबाई म्हणाल्या, "मीपण येते गाडी बघायला," आणि तिचा उरलासुरला धीरही सुटला. मायलेक एक झाले म्हणजे संपलंच.

सेल्समनने बाळ्याच्या बाजूचं दार उघडून आत डोकं घातलं. "फॉर्म भरून घेऊ या ना, सर? लोन आजच्या आज मंजूर होतं."

"थांब बाबा जरा," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे आधी मेणावर बघतात."

सेल्समनला काही कळलं नाही. बाळ्याला मात्र बरोबर कळलं. कवळी पक्की करण्याआधी तो दात नुसते मेणात बसवायचा, ते माणसाच्या तोंडात घालायचा, आणि मग त्याला खुर्चीवरून उठू द्यायचा नाही. बोला म्हणायचा, हसा म्हणायचा, बायको सोबत असेल तर थोडं भांडून घ्या म्हणायचा. डॉक्टर घड्याळाकडे बघत राहायचे, हा ढिम्म. मेणात आहे तोवर दात सरकवता येतो, पक्का झाल्यावर फक्त तोंड वाकडं करता येतं, असं त्याचं म्हणणं. आईची कवळी तर त्याने मेणावर असतानाच मोडून पुन्हा लावली होती.

सासूबाई ऐसपैस रेलल्या. सेल्समनने एसी लावून दिला, गाणी लावून दिली आणि कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

"छान आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "सीट मऊ आहे. वासही नवा आहे. बरं, आता कुठे जायचं?"

"आई, ही शोरूममधली आहे. ही चालवायची नसते."

"तेवढं कळतं मला. ही घेतली असं धर. सुट्टी आहे, गाडी दारात आहे. कुठे जायचं?"

बाळ्या मनातल्या मनात एकेक ठिकाण चाचपू लागला. दवाखाना तर चालत जाण्यासारखा होता. भाजी घरासमोर मिळायची. बायकोला वाटलं, आपणच काहीतरी सुचवावं, बिचाऱ्याची सुटका करावी. पण सासूबाईंनी मागे न बघताच हात वर केला आणि ती गप्प बसली.

"साडूच्या दारात," तो शेवटी म्हणाला.

बायको चमकली. साडू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मध्यंतरी त्याने नवी गाडी घेतली, सगळ्यांना हौसेने फिरवून आणलं, आणि बाळ्याला मागच्या सीटवर मधोमध कोंबलं. गुडघे छातीशी घेऊन बसलेला तो अवतार बघून सगळे पोट धरून हसले होते. तोही हसला होता.

"तिथे जाऊन काय करायचं?" आईच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"हॉर्न वाजवायचा."

"मग?"

"मग काही नाही. परत यायचं."

"अरे, मग एक दिवस भाड्याने आण की! मीपण येते. पुढेच बसते. पोट भरेस्तोवर वाजव हॉर्न."

 मग बाळ्याला फिस्सकन हसू फुटलं. आईलाही आवरेना, ती तोंडभर हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाळ्याची नजर सवयीने तिच्या दातांवर गेली. कवळी जागची हलली नव्हती.

मागे बसलेल्या बायकोने सासूबाईंना मनातल्या मनात हात जोडले. ज्या दारावर आपण आठवडाभर धडका देत होतो, त्याची कडी या बाईंनी एका बोटाने काढली. आणि मुलाचा मानही राखला.

सेल्समन फॉर्म घेऊन परत आला. "मग काय ठरलं, सर?"

"गाडीत काही खोट नाही हो," बाळ्या उतरत म्हणाला. "आमच्या तोंडाला बसत नाही, एवढंच."

जुन्या गाडीचं आईच्या बाजूचं दार बाहेरून उघडत नसे. त्याने खिडकीतून आत हात घालून ते उघडलं, आईला बसवलं, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, रुसलं, मग लागलं.

"आता कुठे जायचं?" आईने विचारलं.

या वेळी त्याला विचार करावा लागला नाही. आरशातून त्याने मागे बायकोकडे बघितलं.

"त्या गाळ्याची किल्ली कोणाकडे असते गं?"