बाई, नंबर कोणता?

पत्रकावर साहेबांचा फोटो चार बोटं उंच होता आणि क्रूस एक बोट. क्रुसाखाली लाल अक्षरांत छापलं होतं : ‘समस्त ख्रिस्ती बांधवांना गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा!’ इंदुताईंनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून दिलं. एरवी त्यांना हसू आलं असतं. पण सकाळपासूनचा उपास, वर एप्रिलचं ऊन, आणि त्या उन्हात चौदा ठिकाणी गुडघे टेकत केलेली क्रुसाची वाट. हसायलाही अंगात त्राण लागतं.

“आजच्या दिवशी शुभेच्छा देत नसतेत, बापू,” रूपसिंग म्हणाला. “आज आमचा देव मेला.”

लखीराम गोंधळला. तो निवडणुकीला उभ्या असलेल्या साहेबांचा प्रचारक, दारव्ह्याहून जीप घेऊन आलेला. “माफ करा, भाऊ. प्रेसवाल्यानं कॅलेंडरात लाल तारीख पाह्यली. त्याले वाटलं, सण हाय.”

“उद्या कोणाच्या तेरवीले पेढे वाटशीन तू,” लालीबाई म्हणाली. दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला.

चर्चपुढच्या कडुनिंबाखाली सगळी बसली होती. गावात ख्रिस्ती घरं एकेचाळीस, प्रत्येक घरातून कोणीतरी आलंच होतं. गुरुवारी मतदान होतं. मागच्या रविवारी फादरांनी बिशपांचं पत्र वाचून दाखवलं होतं : आश्वासनं तपासून पाहा, आपल्या विवेकाला विचारून मत द्या. पत्रात कोणाचं नाव नव्हतं, पक्ष नव्हता. असं पत्र दर निवडणुकीला येई, आणि ते ऐकून झालं की लोक इंदुताईंकडे वळत. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून त्या गेल्या साली निवृत्त झाल्या होत्या. समोरच्या निम्म्या माणसांनी त्यांच्या हाताखाली पाढे नि प्रयोग केलेले.

“पत्र समजलं, बाई,” रूपसिंग म्हणाला. “पण नंबर कोणता?”

नंबर म्हणजे मशीनवरचा. बाई सांगत आणि एकेचाळीस घरं तेच बटन दाबत. मागच्या वेळी बाईंनी तीन सांगितला होता. साहेब निवडून आले. गावात कापसाचं खरेदी केंद्र उघडणार होतं. जागेवर पाटी लागली, आणि पाटीमागे बेशरमाची झुडपं माजली. कापूस घराघरांत आढ्याला टेकला. चर्चमागच्या कबरस्तानात पाच वर्षांत एकोणीस कबरी वाढल्या. त्यांतल्या म्हातारपणाच्या किती आणि कापसाच्या किती, हे बाईंनी मनाशी मोजलं होतं. बोलून दाखवलं नव्हतं.

“या बारीले पाच नंबर हाय,” लखीराम पुढे होत म्हणाला. “आन साहेबांनी कबरस्तानाची भिंत मंजूर केली. चारी अंगानं पक्की, वर लोखंडी फाटक. फक्त बाईनं आज शब्द द्यावा.”

भिंत म्हणताच माना रूपसिंगकडे वळल्या. मागच्या पावसाळ्यात डुकरांनी रूपसिंगच्या बायकोची कबर उकरली होती. त्यानं हातांनी माती सारखी केली, आणि पुढे आठ दिवस काठी घेऊन तिथंच बसून राहिला.

“बाई,” तो आता हळूच म्हणाला, “केंद्राचं मले समजते. साहेब खोटे बोलते. पण भिंत एखाद्या वेळेस बांधूनही देतीन. तुमी म्हणान तसं.”

पाच म्हणून टाकावं, इंदुताईंना वाटलं. एक शब्द, की लोक उठतील. गुडघे ठणकत होते. घरी जाऊन ओल्या पंचाखाली डोळे मिटून पडावं, एवढंच जिवाला हवं होतं.

लखीराम वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, “साहेब माणूस विसरत नाहीत, बाई. मांगच्या बारीले तुमचं काम केलंच होतं ना.”

“कोणतं काम?” लालीबाईचे कान तिखट.

“काही नाही, मावशे. आपलं बोलणं चालू हाय.”

पाच वर्षं इंदुताई दर ईस्टरच्या आधी कन्फेशनला गेल्या होत्या. राग सांगितला, आळस सांगितला, शेजारणीबद्दलचे वाईट विचारही सांगितले. ते एक तेवढं राहून जाई. ती चोरी नव्हती, धड खोटंही नव्हतं. नुसता एक आकडा होता. दहा आज्ञांपैकी कोणत्या आज्ञेखाली तो मांडायचा, ते त्यांना सापडत नसे. आणि सापडत नाही याचं दर वर्षी थोडं बरंच वाटे.

“सांगा ना, बाई,” रूपसिंग म्हणाला.

झाडाच्या बुंध्याला हात देऊन त्या उठल्या. त्या उभ्या राहिल्या तशी समोरची माणसं सवयीनं सरळ बसली.

“या वेळी मी नंबर सांगणार नाही.”

“कायले? भिंत नाई पायजे काय?” लालीबाई म्हणाली.

“भिंत मलाही पाहिजे, लालीबाई. माझी माणसंही तिथंच आहेत.” लखीराम मान हलवून इंदुताईंना नको नको म्हणत होता. त्यांनी नजर रूपसिंगवर ठेवली. “मागच्या वेळी मी तुम्हाला तीन सांगितला, तो साहेब चांगले म्हणून नव्हे. त्या उन्हाळ्यात माझी लांब फुलसावंगीला बदली झाली होती, आणि साहेबांनी ती एका फोनवर थांबवली होती.”