प्लेगच्या वेळचा क्रूस

"हा क्रूस किती जुना?" खटावकर साहेबांनी विचारलं, आणि फ्रेडरिकच्या वाडीत जमलेली पाच-सहा माणसं एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागली.

क्रूस केळींच्या मधोमध उभा होता. पांढराशुभ्र, छातीइतका उंच, चौथऱ्यावर १८९७ असं कोरलेलं. फ्रेडरिकने तो गेल्या रविवारी चर्चमधली मिसा चुकवून उभा केला, हे सगळ्या वटार गावाला ठाऊक. संडासाच्या कामातून उरलेलं सिमेंट वापरलं, आकडे खिळ्याने काढले. वसईत कुणालाही विचारा, सरकारी रस्ता घर बघत नाही, विहीर बघत नाही, पण क्रूस आणि देऊळ दिसलं की वळसा घालतो. प्लेगच्या साथीतले क्रूस आमच्याकडे जागोजागी आहेत. त्यात एक वाढला तर कोण मोजतंय?

बायपासची आखणी करायला आलेले खटावकर साताऱ्याकडचे. माणूस वाईट नव्हता, उन्हाने कावला होता. घराबाहेरच्या कुणा जुन्या माणसाने सांगितलं तर मी लिहून घेतो, म्हणाले. फ्रेडरिकने रोझलिनमावशींना पुढे केलं.

हा बायपास खरं तर मावशींचाच. दोन वर्षांपूर्वी त्यांचा पोरगा पास्कल सायकलवरून कामाला जाताना गावातल्या रस्त्यावर पाण्याच्या टँकरखाली गेला. तेव्हापासून बाई सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरत होती. टँकर गावाबाहेरून न्या, आतला रस्ता चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना सोडा, एवढंच मागणं. आधी लोक हसले. आता सरकारने मान्य केलं होतं, सायकलींची वेगळी पट्टी आणि फुटपाथसुद्धा. राहिला होता तो बायपास कुठून जाणार हा प्रश्न, आणि नकाशावरची रेघ फ्रेडरिकच्या वाडीतून जात होती.

सकाळीच तो मावशींच्या ओट्यावर येऊन बसला होता. क्रूस जुना ठरला तर रस्ता खाजणात सरकेल, म्हणाला. तिथे नुसता खारा चिखल, कुणाचं काही जात नाही. नाहीतर मी कोर्टात जाईन, मग तुझा रस्ता दहा वर्षं लटकला म्हणून समज. दहा वर्षांत टँकरखाली आणखी किती पोरं जातील, हे त्याने सांगितलं नाही. मावशींनी ते मनातल्या मनात मोजलं.

म्हणून त्या पुढे झाल्या आणि क्रुसावर हात ठेवला. "माझ्या सासूबाई इथे मेणबत्ती लावायच्या," त्या म्हणाल्या.

झालं. खटावकरांनी चौथऱ्यावरच नकाशा पसरला, फ्रेडरिकच्या वाडीतली रेघ खोडली आणि शेजारच्या पर्यायी मार्गाच्या तुटक रेघेवरून पेन्सिल फिरवली. ती कुंपण ओलांडून सोनचाफ्याच्या वाडीत शिरली आणि एका बारीक गोलावरून पलीकडे गेली. ही विहीर कुणाची, त्यांनी विचारलं.

"मावशीचीच," फ्रेडरिक म्हणाला. बकरी कुणाची विचारल्यावर सांगावं तसं.

मावशी खाजण, खाजण म्हणत राहिल्या. खटावकरांनी शांतपणे समजावलं की खाजणातली रेघ मागच्याच वर्षी रद्द झाली, तिथली जमीन भराव धरत नाही. तालुक्याच्या कचेरीत नकाशा लावलाय, कुणीही बघावा. फ्रेडरिकने तो बघितला होता, दोनदा. मावशींकडे होतं काय, अर्धा एकर चाफा, ती विहीर आणि दोन खोल्या. रोज पहाटे फुलं बाजारात जायची, त्यावर चूल पेटायची. पेन्सिलीची रेघ एवढीशी असते, पण तिच्याखाली सगळं गेलं.

"साहेब, क्रूस गेल्या रविवारचा आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या.

आता खटावकर चिडले. आत्ता हात ठेवून एक सांगितलंत, आता दुसरंच. त्यांनी बाकीच्यांना विचारलं. फ्लॉसी, जी पास्कलच्या मयताला मावशींच्या गळ्यात पडून रडली होती, ती म्हणाली की मी लग्न होऊन या गावात आले, मला जुनं काय माहीत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. बाकीचे पुन्हा आपल्या चपलांकडे बघायला लागले. दोन्ही रेघा त्यांच्या कुंपणाबाहेर होत्या.

फ्रेडरिकने आवाज खाली आणला. "मग पुन्हा हात ठेव, मावशी. ठेव आणि साहेबांना सांग, हा क्रूस खोटा आहे."

हरामखोराला बरोबर माहीत होतं. या क्रुसाला फादरचा आशीर्वाद नव्हता, पवित्र पाणी नव्हतं, प्रार्थना नव्हती. संडासाचं सिमेंट होतं. पण एक दांडा उभा, एक आडवा, असा एकदा उभा राहिला की तो क्रूसच. तशाच एका क्रुसाखाली पोरगा पुरलेली बाई त्याला खोटा म्हणणार कशी?

मावशींचा हात उचलला गेला. अर्ध्यावर थांबला आणि मागे वळून कपाळाला लागला. मग छातीला. मग डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला.

खटावकरांनी क्षणभर मान झुकवली. त्यांची आई गावच्या देवासमोर अशीच डोळे मिटून उभी राहायची. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं, 'क्रूस जुना असल्याची वृद्ध महिलेने खात्री दिली. बदललेल्या आखणीस हरकत नाही.' खाली मावशींचं नाव लिहिताना ते आडनावापाशी अडले. घोन्सालवीसमधला 'वी' ऱ्हस्व की दीर्घ, असं त्यांनी फ्रेडरिकला विचारलं.

"दीर्घ," फ्रेडरिक म्हणाला.