बॅटरी धर

"ताई, बॅटरी नीट धर. माझ्या डोळ्यांवर नको, हातावर."

ताईने हातातला टॉर्च खाली केला. धाकटा भाऊ जीपच्या डिकीत निम्मा आत, निम्मा बाहेर होता. एक पाय हवेत, तोंडात दोन स्क्रू. डिकीच्या कोपऱ्यात त्याने दुसरी, नवीकोरी बॅटरी पट्ट्यांनी आवळून बसवली होती. सकाळीच तिच्यावर छोटा फ्रिज, दिवे आणि पंखा चालू करून ठेवले होते, दम किती आहे बघू म्हणून. आता तिच्यापासून बॉनेटपर्यंत बोटाएवढी जाड लाल वायर न्यायची होती. जीप इतकी लांब, की तिचं नाक रस्त्यावर आलं होतं. फाटक सकाळपासून उघडंच.

आतून घंटी वाजली. बाबांच्या पलंगाच्या दांडीला सायकलची घंटी होती. गेल्या वेळी आला तेव्हा यानेच बसवलेली. बसवून झाल्यावर फोटो काढून सगळ्यांना पाठवलेली.

"जा, बघून ये," तो म्हणाला. "बॅटरी इथे ठेव."

ती गेली. आली.

"काय म्हणतायत?"

"पंखा कमी कर म्हणाले."

"धर."

तिने पुन्हा टॉर्च धरला. दाराजवळ तिची बॅग होती, भरलेली, चेन लावलेली. तिच्यावर त्याने हत्यारांचा डबा उघडून ठेवला होता.

"या वेळी चार महिने बाबांना मी बघतो म्हणाला होतास," ताई म्हणाली.

"म्हणालो होतो ना. नाही कुठे म्हणतोय?" स्क्रूमुळे त्याचे शब्द दातांतून येत होते. "पण ग्रुपची ट्रिप ठरली अचानक. उद्या सकाळी सगळे निघतायत, आता मीच नाही म्हटलं तर बरं दिसतं का? पुढच्या वेळी नक्की. आणि तुला सवय आहे गं. मला त्यातलं काही जमत नाही."

सवय हा शब्द नेहमी तोच वापरतो, ज्याला ती लावून घ्यायची नसते. अख्खी जीप उसवून, गालिच्याखालून वायर घालून, पुन्हा कुठे टाका दिसणार नाही अशी शिवणारा हा माणूस. याला बापाखालची चादर बदलणं जमत नव्हतं.

घंटी वाजली. ती गेली. आली.

"आता काय?"

"पंखा वाढव."

तो खो खो हसला. डिकीतून बाहेर आला, पॅन्टला हात पुसले, बॉनेटमध्ये घुसला. त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं. पाना घ्यायचा, टाकायचा, रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकून यायचा, पुन्हा पाना. बॉनेटमध्ये जुन्या बॅटरीशेजारी त्याने एक काळा डबा बसवला होता. त्याच्यावर लाडाने चापट मारली.

"ही खरी गंमत. हा आयसोलेटर. इंजिन चालू असलं की दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या. इंजिन बंद झालं की हा मधली वाट तोडतो. मग मागे काय वाट्टेल ते चालवा. मागची ठार उतरली तरी पुढचीला धक्का नाही. आपण कधीही सेल्फ मारायचा आणि निघायचं."

"आणि मागची?"

"मागची काय?"

"ती उतरली तर चालतं?"

"अगं, तिचं कामच ते."

ताईने टॉर्च या हातातून त्या हातात घेतला.

"मग ती भरायची कशी?"

"गाडी रस्त्यावर काढायची. जागेवर उभी ठेवून काही होत नाही. चांगली लांब पळवली, की आपोआप भरते." त्याने शेवटचा नट आवळला, बॉनेट आपटलं आणि किल्ली तिच्याकडे फेकली. "बस. सेल्फ मार. मी मागे मीटर लावतो."

हॉस्पिटलच्या फेऱ्या इतकी वर्षं तीच मारत होती. गाडीचं तिला नवं नव्हतं. सीट मात्र तिच्यासाठी फार मागे होती. तिने ती पुढे ओढली. आरसा खाली केला. आरशात उघडी डिकी आणि त्याचं वाकलेलं डोकं दिसत होतं. तिने किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं.

"लागली!" तो ओरडला. "चढतोय आकडा! बारा व्होल्टच्या खाली होती बिचारी, आता बघ!" मीटरच्या तारा काढून त्याने डिकीचं दार धाडकन लावलं आणि नाचतच खिडकीशी आला. "काय? आहे की नाही तुझा भाऊ हुशार?"

"आहे," ताई म्हणाली.

आत घंटी वाजली.

"जा, बघ जरा," तो म्हणाला. "बंद कर आता, किल्ली दे."

तिने किल्लीला हात लावला नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ती समोर बघत होती. समोर रस्ताच होता.

"किती पळवावी लागेल?"

"कुणाला?"

"मागची भरायला."

"लागतील की चार-सहा तास. एवढी रिकामी झालीये, एक फेरी मारून भागणार नाही. पण ते उद्या, मी निघालो की..."

मांडीवरचा टॉर्च तिने उचलला आणि खिडकीतून त्याच्या हातात दिला.

"बॅटरी धर," ती म्हणाली. गिअर टाकला.

जीप फाटकातून बाहेर पडली, डावीकडे वळली. तो धावत रस्त्यापर्यंत आला. पायात एकच चप्पल, हातात भर दुपारी जळणारा टॉर्च. आत घंटी थांबायला तयार नव्हती. त्याने घराकडे पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. मग मोकळ्या रस्त्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडला,

"ताई! अगं, बाबा बोलावतायत!"