व्हिक्टरचं शेपूट

अठ्ठ्याऐंशी साली अंधेरीच्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटर आला. तो कसा वापरायचा ते आम्हा सगळ्यांना व्हिक्टरने शिकवलं. पुढे तो साहेबांशी भांडला आणि राजीनामा देऊन मनोरीला घरी जाऊन बसला.

साहेब म्हणाले, "जयंतीबाई, त्या माणसाचं काहीही मशीनमध्ये राहता कामा नये. त्याच्या फायली ओळखायच्या कशा?"

"नावाच्या शेवटी टिंब आणि 'व्हिक' असतं, साहेब. पण..."

"पण नाही न् बिण नाही. सगळे कप्पे, कप्प्यांच्या आतले कप्पे, 'व्हिक' दिसलं की उडवा."

मी एका ओळीचा हुकूम टाइप केला. मशीनने काही विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीआधी ते पार रिकामं झालं होतं, कारण कंपनीतल्या प्रत्येकाच्या फायलीच्या शेवटी 'व्हिक'च होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब टायसकट मनोरीला जाणाऱ्या मार्वेच्या होडीत बसले. मीही बरोबर होते. व्हिक्टरने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

 

"अगं जयंती, शिकवताना फळ्यावर मी नमुना म्हणून माझं नाव लिहिलं होतं. तुम्ही आपापलं लिहायचं ना!"