एकशे सत्तेचाळीस नंबरचा मोहा

तुम्ही खोटं लिहिलंत. चौपदरी रस्त्याच्या कागदावर, एकशे सत्तेचाळीस नंबरच्या झाडापुढं ‘मालक : कोणी नाही’ असं लिहून खाली सही ठोकलीत. तुमचा तो ‘कोणी नाही’ आज सकाळी सातला त्याच झाडाखाली बसला होता. जंगू त्याचं नाव.

मोहाची फुलं अजून गळत होती. जंगूची बायको मैनाबाई एकटीच वेचत होती. जंगू खोडावरच्या पांढऱ्या आकड्यावर तळहात ठेवून नुसता बसलेला.

जेसीबीवाला हरिदास चिमूरकडचा. त्यानं इंजिन बंद केलं. “येचून घ्या बाई. मी तवरीक तंबाखूचा खर्रा घोटतो.”

“घोट बाबू, सावकाश घोट,” मैनाबाई म्हणाली. “रस्त्याले आमची ना नाई. बाळंतीण टायमावर दवाखान्यात पोचन. पन चार हात सरकून नाई जमत का?”

हरिदास खाली मान घालून खर्रा घोटत राहिला.

कोणता मोहा कोणाच्या घरचा, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कागदावर मात्र नाही. म्हणून दिवाळीनंतर आकडे टाकणारी माणसं आली, तेव्हा जंगूला वाटलं, वनहक्काचा दावा पास झाला, सरकार झाड आपल्या नावावर चढवून राह्यलं. त्यानं त्यांना गुळाचा चहा पाजला. रंगाचा डबा स्वतः धरला. वर म्हणाला, “आकडा मोठा काढा भाऊ, दुरून दिसला पायजे.”

तुमच्या माणसांनी मोठा काढला.

“मीच दाखवला मोहा,” जंगू पुटपुटला. “मीच.”

“उठा आता. तुमी काय कुऱ्हाड मारली?” त्याच्या पिकल्या केसांत एक फूल अडकलं होतं. मैनाबाईनं ते हळूच काढून टोपलीत टाकलं.

तेवढ्यात तुमची गाडी आली. तुम्ही काच खाली करून म्हणालात, “बाई, एका झाडाच्या बदल्यात दहा रोपं लावणार आहोत. व्हा बाजूला.”

मैनाबाईनं टोपली खाली ठेवली आणि गाडीला टेकून उभी राहिली.

“झाडाचं मंग बोलू, साहेब. हे तीन दिवसांपासून धड जेवले नाई. माझं आयकत नाई. तुमीच उतरा अन् सांगा यायले, चूक कोनाची?”

तुम्ही काचेच्या बटणाला हात लावलात. तिनं काचेवर पंजा ठेवला.

“सांगा.”