कोरड्या डबीतले जव

सिलिकॉन ओएसिस या टेक-वसाहतीतल्या लॅबमध्ये, श्रियाच्या कोरड्या डबीत जवाचे सव्वीस दाणे होते, हजारो वर्षांपूर्वीच्या चुलीत जळून कोळसा झालेले. शेजारच्या ओल्या पुरचुंडीत तुलनेसाठी ताजे जव होते. श्रिया प्राचीन बिअरवर संशोधन करत होती, आणि बिअरची सुरुवात मोडांपासूनच होते.

दमलेल्या श्रियाने पुरचुंडी सोडली. एकालाही मोड नव्हता.

"डबी बघ," शेजारच्या टेबलावरचा तिचा सहकारी सिद्धांत म्हणाला.

काळ्या दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते.

"ताजे मिसळलेस ना? तुझं संशोधन खलास!" सिद्धांत हसला.

तिने एक दाणा मधोमध कापला. "आतही कोळसाच आहे रे."

सिद्धांतचं हसू मावळलं.

तिने कापलेल्या दाण्याच्या कोंबाला पट्टी लावली. चार मिलिमीटर. डोळे चोळून तिने पुन्हा मोजलं.

सहा मिलिमीटर.